वंशवृक्षाची फाईल एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर नेताना

आमच्या कुळाचा वंशवृक्ष गेली अकरा वर्षे नाशिकच्या पंचवटीतील आमच्या घरच्या डेस्कटॉपवर होता. विंडोज १० ला मिळणारा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि त्या जुन्या यंत्रावर विंडोज ११ चालण्यासारखे नव्हते, म्हणून नवा लॅपटॉप घ्यावा लागला. कॉलेज रोडला राहणारा पुतण्या एका संध्याकाळी येऊन जुन्या संगणकावरून फाईल पेन ड्राइव्हवर घेऊन गेला. लॅपटॉपवर वंशवृक्षाचा प्रोग्रॅम बसवला, पेन ड्राइव्ह लावला, फाईलवर क्लिक केले, तर काहीच उघडेना. मी त्या फाईलवर उजवे क्लिक करून तिचा आकार पाहिला, तो दोन केबी निघाला. सहाशे बारा माणसांची माहिती दोन केबीत मावणे शक्यच नव्हते. पुतण्याने पडद्यावरचे चित्र (आयकॉन) उचलून आणले होते, म्हणजे मूळ फाईलकडे नेणारा नुसता शॉर्टकट आणला होता. जुना संगणक तोवर फॉरमॅट केलेला नव्हता, म्हणून काही बिघडले नाही. त्याच आठवड्यात तो विकायचे मात्र ठरले होते.

ही चूक अगदी सहज होते. ज्यांच्या घरी असा वंशवृक्ष आहे आणि संगणक बदलण्याची वेळ आली आहे, त्यांना उपयोगी पडावे म्हणून मी केलेले काम, त्यात आलेल्या अडचणी आणि त्यांवरचे उपाय येथे सविस्तर लिहीत आहे.

नेमके काय न्यायचे आहे

वंशवृक्षाचे काम संगणकावर तीन ठिकाणी विभागलेले असते. पहिला भाग म्हणजे खुद्द प्रोग्रॅम. तो एका संगणकावरून दुसऱ्यावर कॉपी करून चालत नाही, नव्या यंत्रावर नव्याने बसवावा लागतो, आणि तो विकत घेतलेला असेल तर खरेदीच्या वेळी मिळालेला परवाना क्रमांक आधीच शोधून ठेवावा लागतो. दुसरा भाग म्हणजे माणसे, नाती, तारखा, टिपा आणि संदर्भ ज्यात साठवलेले असतात ती माहितीची फाईल. तिसरा भाग म्हणजे छायाचित्रे आणि कागदपत्रांच्या प्रती. बहुतेक प्रोग्रॅम छायाचित्र स्वतःच्या फाईलमध्ये घेत नाहीत, ते संगणकावर कोठे ठेवले आहे त्याचा पत्ता तेवढा लिहून ठेवतात. हा तिसरा भाग लोक विसरतात, म्हणून नव्या संगणकावर माणसे सगळी दिसतात आणि चेहऱ्यांच्या जागी रिकाम्या चौकटी येतात.

माहितीची फाईल शोधण्यासाठी आधी विंडोजमध्ये फाईलच्या नावाचे शेपूट दिसेल अशी सोय करावी. फाईल एक्सप्लोररमध्ये ‘व्ह्यू’, त्यात ‘शो’ आणि त्यात ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’ हा पर्याय निवडला की शॉर्टकट, बॅकअप आणि मूळ फाईल यांत फरक करणे सोपे जाते. रूट्समॅजिक या वंशवृक्षाच्या प्रोग्रॅमच्या आठव्या आवृत्तीपासून फाईलचे शेपूट ‘आरएमट्री’ असते, त्याआधीच्या चौथ्या ते सातव्या आवृत्त्यांत ते ‘आरएमजीसी’ होते. लेगसी फॅमिली ट्री या दुसऱ्या प्रोग्रॅमची फाईल ‘एफडीबी’ असते. ‘पीएएफ’ शेपटाची फाईल सापडली, तर ती पर्सनल ॲन्सेस्ट्रल फाइल या जुन्या प्रोग्रॅमची असते. तो प्रोग्रॅम २०१३ साली बंद करण्यात आला, पण ॲन्सेस्ट्रल क्वेस्ट या प्रोग्रॅममध्ये त्याच्या फाईली उघडतात, त्यामुळे अशी फाईल निरुपयोगी समजून टाकून देऊ नये. ग्रॅम्प्स हा मोफत प्रोग्रॅम वापरणाऱ्यांनी एक वेगळी गोष्ट लक्षात ठेवावी. त्यात वंशवृक्षाची एकच अशी फाईल नसते. विंडोज जे फोल्डर एरवी लपवून ठेवते त्याच्या आत, अक्षरे आणि आकडे यांची सरमिसळ असलेल्या नावाच्या फोल्डरमध्ये ती माहिती असते. ते फोल्डर हाताने उचलण्यापेक्षा ग्रॅम्प्सलाच त्याची प्रत काढायला सांगणे सुरक्षित आहे.

प्रोग्रॅम तोच असेल तर

दोन्ही संगणकांवर एकच प्रोग्रॅम राहणार असेल, तर त्या प्रोग्रॅमचा स्वतःचा बॅकअप वापरावा, दुसरा कोणताही मार्ग शोधू नये. बॅकअप काढताना छायाचित्रेही सोबत घ्यायची का, असे बहुतेक ठिकाणी विचारले जाते. तेथे होय म्हणावे. ग्रॅम्प्समध्ये ‘फॅमिली ट्रीज’ या मेन्यूत ‘मेक बॅकअप’ असा पर्याय आहे. त्यात छायाचित्रे समाविष्ट केली की ‘जीपीकेजी’ शेपटाची एक बांधलेली फाईल मिळते. नव्या संगणकावर आधी रिकामा वंशवृक्ष तयार करावा आणि मग त्यात ही फाईल आयात करावी. ज्या वृक्षात आधीच माणसे आहेत त्यात ती आयात केली, तर प्रत्येक माणूस दोनदा दिसू लागतो आणि ती दुबार नावे एकेक करून जुळवत बसणे हे फार कष्टाचे काम होते.

आवृत्तीचा क्रम सांभाळावा. नवी आवृत्ती जुनी फाईल उघडते, जुनी आवृत्ती नवी फाईल सहसा उघडत नाही. त्यातही नव्या आवृत्तीने एकदा फाईल उघडली की ती आपल्या पद्धतीने बदलून घेते, म्हणून जुन्या आवृत्तीतील एक प्रत न उघडता बाजूला ठेवावी.

बॅकअपऐवजी फाईल हाताने कॉपी करायची वेळ आलीच, तर त्यापूर्वी प्रोग्रॅम पूर्ण बंद करावा. प्रोग्रॅम चालू असताना काही बदल अजून मुख्य फाईलमध्ये उतरलेले नसतात, आणि तेव्हा हाताने कॉपी केलेली फाईल वरून ठीक दिसली तरी आतून अपुरी असू शकते. पेन ड्राइव्ह काढताना ‘सेफली रिमूव्ह’ करूनच काढावा. मोठा बॅकअप पेन ड्राइव्हवर जात नसेल, तर तो पेन ड्राइव्ह फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असण्याची शक्यता आहे, कारण त्या पद्धतीत चार जीबीहून मोठी एकच फाईल मावत नाही. एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केल्यास ही अडचण उरत नाही, मात्र फॉरमॅट करताना पेन ड्राइव्हवरचे सगळे पुसले जाते हे विसरू नये. नव्या संगणकावर फाईल आधी हार्ड डिस्कवर उतरवून घ्यावी आणि मगच उघडावी, पेन ड्राइव्हवरच ठेवून तीत काम करत राहू नये. व्हॉट्सॲपवरून काही पाठवायचे असल्यास ते ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावे. छायाचित्र म्हणून पाठवले की त्याचा आकार कमी केला जातो आणि जुन्या कागदावरची बारीक अक्षरे वाचता येत नाहीत.

छायाचित्रांचे पत्ते

आमच्या जुन्या संगणकात डी ड्राइव्ह होता आणि पणजोबांचे एकमेव छायाचित्र त्यातील ‘जुने फोटो’ या फोल्डरमध्ये होते. नव्या लॅपटॉपला एकच सी ड्राइव्ह. प्रोग्रॅम पणजोबांना डी ड्राइव्हवर शोधत राहिला आणि तो ड्राइव्हच नसल्यामुळे त्याला ते सापडले नाहीत. छायाचित्र लॅपटॉपवर होते, पण त्याचा पत्ता जुना होता.

यावरचा उपाय जुन्या संगणकावर बसूनच करावा, कारण तेथे सगळे दुवे अजून शाबूत असतात. वंशवृक्षासाठी एक मुख्य फोल्डर करावे, त्यात छायाचित्रांचे एक फोल्डर करावे आणि इकडेतिकडे विखुरलेली सर्व छायाचित्रे तेथे आणावीत. ग्रॅम्प्सच्या ‘प्रेफरन्सेस’मध्ये छायाचित्रांचे मूळ फोल्डर कोणते ते सांगता येते, आणि ‘मीडिया मॅनेजर’ या साधनाने पूर्ण पत्त्यांचे रूपांतर त्या फोल्डरच्या संदर्भातील सापेक्ष पत्त्यांत करता येते. एवढे झाले की नव्या संगणकावर केवळ मूळ फोल्डर कोठे आहे ते एकदा सांगितले म्हणजे शेकडो छायाचित्रे एका वेळी जागेवर येतात. इतर अनेक प्रोग्रॅममध्ये तुटलेले दुवे शोधून दुरुस्त करण्याची सोय असते, पण ती फाईलच्या नावावर अवलंबून असते, म्हणून एकदा जोडलेल्या छायाचित्राचे नाव संगणकावर परस्पर बदलू नये. जुन्या प्रोग्रॅमना देवनागरी नावाचे फोल्डर कधी कधी सापडत नाहीत. मला देवनागरी नावे आवडतात, तरीही या एका कामापुरती फाईल आणि फोल्डरची नावे रोमन अक्षरांत ठेवलेली बरी, असे माझे मत झाले आहे.

प्रोग्रॅम बदलायचा असेल तर

प्रोग्रॅमच बदलत असेल, तर बहुतेक वेळा गेडकॉमला पर्याय नसतो. वंशावळीची माहिती एका प्रोग्रॅममधून दुसऱ्यात नेण्यासाठी लॅटर-डे सेंट्स या अमेरिकेतील चर्चने १९८४ मध्ये ही पद्धत तयार केली. आजही सर्वाधिक वापरात असलेली ५.५.१ ही आवृत्ती १९९९ सालची आहे आणि ७.० ही आवृत्ती २०२१ मध्ये आली. गेडकॉमची फाईल साध्या मजकुराची असते. नोटपॅडमध्ये उघडली तर प्रत्येक ओळीच्या आरंभी एक आकडा दिसतो. शून्याने सुरू होणाऱ्या ओळीपासून नवी नोंद सुरू होते, एक आणि दोन या आकड्यांच्या ओळी त्या नोंदीचा तपशील देतात. माणसांच्या नोंदी वेगळ्या असतात, आणि पती, पत्नी व मुले यांना एकत्र बांधणाऱ्या कुटुंबाच्या नोंदी वेगळ्या असतात. फाईलच्या अगदी शेवटच्या ओळीत शून्य आणि त्यापुढे टी, आर, एल, आर ही चार रोमन अक्षरे असतात. ती ओळ नसेल तर फाईल अर्धवट तुटलेली आहे असे समजावे आणि पुन्हा निर्यात करावी. नोटपॅडमध्ये असे पाहून झाले की फाईल काहीही न बदलता, सेव्ह न करता बंद करावी.

मराठी माणसाच्या दृष्टीने गेडकॉममधील सर्वांत महत्त्वाची निवड अक्षरसंकेतनाची, म्हणजे फाईलमध्ये अक्षरे साठवण्याच्या पद्धतीची असते. निर्यात करताना यूटीएफ-८ हाच पर्याय निवडावा. मी पहिल्यांदा निर्यात केली तेव्हा समोर आलेला पर्याय तसाच राहू दिला आणि नव्या प्रोग्रॅममध्ये आजीच्या नावाच्या जागी ओळीने प्रश्नचिन्हे उमटली. प्रश्नचिन्हे दिसली तर त्या प्रतीतील अक्षरे कायमची गेलेली असतात आणि मूळ फाईलवरून नव्याने निर्यात करण्यावाचून गत्यंतर नसते. याउलट डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए आणि त्याच्या शेजारी चार काटे फुटलेले लहान वर्तुळ अशी जोडी पुन्हा पुन्हा दिसत असेल, तर घाबरू नये. तेथे देवनागरी अक्षरे सुखरूप असतात, वाचणाऱ्या प्रोग्रॅमने संकेतन चुकीचे धरलेले असते, आणि आयात करताना यूटीएफ-८ निवडले की नावे पूर्ववत दिसतात. तिसरा प्रकार जुन्या टंकांचा. श्रीलिपी किंवा कृतिदेव यांसारख्या बिगरयुनिकोड टंकांत लिहिलेल्या टिपा तो टंक नसलेल्या संगणकावर रोमन अक्षरांच्या खिचडीसारख्या दिसतात. असा मजकूर स्थलांतरापूर्वीच युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्यावा आणि जोडाक्षरे डोळ्यांखालून घालावीत.

गेडकॉममधून काय हरवते

गेडकॉमच्या साध्या फाईलमध्ये छायाचित्रे जात नाहीत, त्यांचे पत्ते जातात. ७.० या आवृत्तीबरोबर छायाचित्रांसह एकत्र बांधलेल्या फाईलचीही सोय झाली, पण देणारा आणि घेणारा असे दोन्ही प्रोग्रॅम ती वापरू शकत असतील तरच तिचा उपयोग आहे.

आपल्याकडच्या वंशवृक्षांचे खरे नुकसान इतरत्र होते. गोत्र, कुलदैवत, देवक, मूळ गाव हे रकाने परदेशी प्रोग्रॅममध्ये तयार नसतात. ते आपण स्वतः निर्माण केलेले असतात आणि दुसऱ्या प्रोग्रॅमला ते ओळखता आले नाहीत, तर तो ते टिपांमध्ये ढकलतो किंवा सोडून देतो. निर्यातीपूर्वी कोणते रकाने आपण स्वतः केले आहेत त्याची यादी कागदावर करावी आणि दोनचार माणसांची छोटी फाईल पाठवून ते पोहोचतात का ते पाहावे. पोहोचत नसतील, तर ती माहिती त्या त्या माणसाच्या टिपेत ‘गोत्र’, ‘कुलदैवत’ अशा शब्दांसह लिहून मगच निर्यात करावी.

लग्नानंतर नाव आणि आडनाव बदललेल्या स्त्रियांच्या नोंदी काळजीपूर्वक पाहाव्या लागतात. माहेरचे नाव मुख्य आणि सासरचे नाव पर्यायी, अशी पद्धत मी ठेवली आहे, कारण स्त्री ज्या घरात जन्मली त्या घराशी तिचा दुवा मुख्य नावातून दिसतो. मात्र काही प्रोग्रॅम पहिलेच नाव दाखवतात. तेव्हा सासरचे नाव पुसले गेले असे वाटते, प्रत्यक्षात ते पर्यायी नावांत असते. दत्तक घेतलेल्या मुलाची नोंद तर प्रत्येक वेळी तपासावी. जन्मदात्या आणि दत्तक घेणाऱ्या अशा दोन्ही कुटुंबांशी तो जोडलेला आहे का आणि ‘दत्तक’ हा शेरा त्याच्या नात्यावर टिकला आहे का, हे दोन्ही पाहावे.

तिथीचे काय करायचे, हा प्रश्न मला अनेकांनी विचारला आहे. जुन्या कागदांवर ‘शके १८५३’ असे लिहिलेले असते आणि प्रोग्रॅमला शालिवाहन शक कळत नाही. तारखेच्या रकान्यात शक लिहिला तर तो प्रोग्रॅम १८५३ हे इसवी सन धरतो आणि माणूस अठ्ठ्याहत्तर वर्षांनी म्हातारा होतो. शकात ७८ मिळवून इसवी सन काढावा, पौष ते फाल्गुन या काळातील तिथी जानेवारी सुरू झाल्यानंतरची असेल तर ७९ मिळवावे, तो सन तारखेच्या रकान्यात लिहावा आणि मूळ तिथी शब्दशः टिपेत ठेवावी. टिपा सहसा सुखरूप जातात.

नाशिककरांच्या वंशवृक्षात एक संदर्भ हमखास असतो, तो म्हणजे रामकुंडावरील किंवा त्र्यंबकेश्वरातील तीर्थोपाध्यायांकडची नामावळी. पूर्वज यात्रेला किंवा श्राद्धविधीला आले तेव्हा त्यांनी सांगितलेली किंवा स्वतःच्या हाताने लिहिलेली नावे तीत असतात, आणि अनेक घराण्यांच्या तीन-चार पिढ्या केवळ तिच्यामुळे जुळतात. परवानगी घेऊन त्या पानाचे छायाचित्र काढले असेल, तर ते माणसाला जोडण्याऐवजी संदर्भाला जोडावे आणि संदर्भाच्या मजकुरात कोणाकडची नामावळी, कोणत्या गावाची नोंद, नोंदीतील शब्द काय, हे लिहून ठेवावे. छायाचित्राचा दुवा तुटला तरी तो मजकूर गेडकॉमबरोबर जातो.

मोजदाद

जुना संगणक बंद करण्यापूर्वी त्यावरील प्रोग्रॅममधून माणसे किती, कुटुंबे किती, संदर्भ किती आणि छायाचित्रे किती, हे आकडे वहीत उतरवून घ्यावेत आणि नव्या संगणकावर तेच आकडे काढून शेजारी लिहावेत. आमच्या वेळी माणसे ६१२ होती, ती ६१२ आली. कुटुंबे १९८ होती, ती १९७ आली. एका कुटुंबासाठी इतका वेळ कशाला घालवायचा, असे घरातल्यांचे म्हणणे पडले, पण मला चैन पडेना. दोन्ही याद्या कागदावर छापून पेन्सिलीने एकेक ओळ खोडत गेलो, तेव्हा दुसऱ्या रात्री ते कुटुंब सापडले. पणजोबांची आई आणि तिच्या दोन बहिणी, अशा त्या तिघी होत्या. त्यांच्या आईवडिलांची नावे कोणालाच माहीत नाहीत, म्हणून त्या कुटुंबाच्या नोंदीत पती नव्हता आणि पत्नीही नव्हती, केवळ तीन मुली होत्या. नव्या प्रोग्रॅमने ती नोंद रिकामी समजून वगळली होती आणि तिघी बहिणी एकमेकींपासून सुट्या झाल्या होत्या. आता मी वडिलांच्या जागी ‘अज्ञात’ असा एक माणूस घालून त्यांना पुन्हा एकत्र आणले आहे. असे आईवडील नसलेले भावंडांचे गट आपल्या वृक्षात असतील, तर निर्यातीपूर्वीच हे करून ठेवावे.

आकडे जुळल्यावर निवडक माणसे उघडून पाहावीत. सर्वांत जुना पूर्वज, दोन विवाह झालेला पुरुष, दत्तक गेलेला मुलगा, सर्वांत लांब टीप असलेला माणूस आणि सर्वाधिक छायाचित्रे असलेला माणूस एवढे ठीक निघाले, तर बाकीचे बहुधा ठीकच असते.

दोन संगणकांवर काम

भाऊ पुण्यात आणि आपण नाशिकला, दोघांनाही वृक्षात भर घालायची आहे, अशी परिस्थिती असल्यास मूळ प्रत कोणाकडे राहील ते आधी ठरवावे. दुसऱ्याने नवी माहिती लिहून पाठवावी आणि मूळ प्रत असणाऱ्याने ती नोंदवावी. ऑनलाइन साठवणुकीच्या फोल्डरमध्ये चालू फाईल ठेवून दोघांनी एकाच वेळी ती उघडली, तर दोन परस्परविरोधी प्रती तयार होतात आणि कोणाची नोंद कोठे गेली ते कळत नाही. त्या फोल्डरमध्ये बॅकअप जरूर ठेवावा. बॅकअपच्या नावात वर्ष, महिना, दिवस या क्रमाने तारीख घातली की यादीत प्रती आपोआप कालानुक्रमे लागतात.

एक प्रत गावाबाहेर असावी. पावसाळ्यात गोदावरीचे पाणी नदीकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर किती वर गेले याकडे सगळ्या शहराचे लक्ष असते, आणि पूर मोठा असला की सराफ बाजार, भांडी बाजारापर्यंत पाणी शिरते. संगणक आणि बॅकअपचा पेन ड्राइव्ह एकाच कपाटात असतील, तर दोन्ही एकदमच भिजतील. आमची एक प्रत पुण्याच्या बहिणीकडे असते. नातेवाइकांखेरीज इतर कोणाला फाईल द्यायची असेल, तर निर्यात करताना हयात माणसांचा तपशील वगळण्याचा पर्याय निवडावा. मोबाइल क्रमांक, राहण्याचे पत्ते आणि आधार क्रमांक तर वंशवृक्षात लिहूच नयेत.

आमचा जुना डेस्कटॉप अजून माळ्यावर आहे. नव्या प्रतीत सहा महिने काम झाले आणि काही राहिले नाही अशी खात्री पटली, की आधी त्याची हार्ड डिस्क पुसली जाईल आणि मगच तो विक्रीला निघेल.